शेवटची गाडी निंगेपर्यंत

मंडळीहो, या शोकसभेत मास्तरांनी माहं नाव पुकारलं म्हणून उभा राह्यलो. मी नथ्थू. राइस मिलच्या शेठजीची मोटार चालवतो. स्टेअरिंग हातात असलं का मले कोणाच्या बापाचं भेव नाई, पण चार माणसांसमोर उभं राह्यलं तं जीभ टाळूले चिकटते. मूल गावच्या या मोटार-स्टँडवर इतके लोक चूप बसलेले मी कधीच पाह्यले नाई. डायव्हर आले, क्लीनर आले, हमाल आले. बंडीवाले तं बैलं चिंचेखाली सोडून आले. सारे आमच्या डोमाजीभाऊसाठी. आठ दिवसाच्या तापात गेला माणूस, परवा तेरवी झाली.

माह्या आधी तिघं बोलले. डोमाजी भला होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. खरं आहे. पण एकानं म्हटलं, नाव नाई घेत, म्हणे, "डायव्हर म्हणून जरासाक भित्रा होता, पण माणूस सोन्यासारखा." तिथी माह्या अंगाची आग झाली! अन् आग कोणावर झाली सांगू? माह्यावरच. कारण तो भित्रा होता हे या गावाले मीच सांगतलं. तोंडानं नाई सांगतलं. चूप बसून सांगतलं. चार वर्स चूप बसलो.

आज तेच बोलाचं आहे मले. दुसरं काई येत नाई.

तुमाले ते मोटारीची शर्यत याद असन. नागपूरच्या हौशी साहेबांनी भरवली होती. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पहाटे चांद्याहून निंगाचं, ब्रह्मपुरीले जाचं, अन् दिवस बुडाच्या आत परत चांदा. एक गाडी, एक डायव्हर, मंधात बदली नाई. साहेबांले गाडीचा अन् माणसाचा दम पाहाचा होता म्हणे. अन् मुद्दामच पाण्यापावसाचे दिवस धरले. सहा गाड्या होत्या, साऱ्या कापडी टपाच्या टुरिंग. चार नागपूरच्या, एक आमच्या शेठजीची, अन् एक डोमाजीभाऊच्या मालकाची. मालक, तुमी समोरच बसले आहा. तुमची गाडी डोमाजीभाऊ चालवत होता.

बाप्पा, काय पाणी होतं त्या दिवशी! टपातून गळे, बाजूनं घुसे, मांडीवर डबकं साचे. रस्त्यावर असा गारा-चिखल का चाक एकीकडे अन् गाडी दुसरीकडे. ब्रह्मपुरीपर्यंत डोमाजीभाऊ पुढं अन् मी मागं. परतताना सिंदेवाहीले बी तोच पुढं. मी दात-ओठ खाऊन राह्यलो होतो. मनात म्हणू, कालपर्यंत बैलाच्या शेपट्या पिरगाळणारा हा बंडीवाला, अन् मले मागं टाकते? हो, असंच म्हणत होतो. आता लपवून काय करू?

मूलच्या अलीकडे तो नाला आहे ना, तुमी सारे जाणता. सकाळी गेलो तवा घोट्याइतकं पाणी होतं नाल्यातल्या गोट्याच्या वाटेवरून, रपट्यावरून. परत आलो तं रपटा दिसेच ना. सारं लाल पाणी, इकडून तिकडे. अन् पाण्याच्या मंधात एक माणूस उभा. कमरेइतक्या पाण्यात. एका हातात बांबू, दुसरा हात वर, हातात दुपट्टा.

मी भोंगा वाजवला. तो हटेना. मी मुंडकं बाहेर काढून शिव्या दिल्या. इथी बाया बसल्या आहेत, सांगत नाई काय काय दिल्या. "अबे हट! मराले आला का?" तं तो वरडला, "नथ्थू, माह्या डाव्या अंगानं घे! मी उभा आहो तिथून इकडे रपटा नाई! गोटे वाहून गेले!"

आवाज ऐकला तवा वळखलं. डोमाजी! अन् त्याची गाडी? पल्याड चढावर उभी, रिकामी.

मी घेतली त्याच्या डाव्या अंगानं. सांगतो, हातभर फरक होता. मागचं चाक जरासंक घसरलं, तं त्यानं बांबू टाकून देल्ला अन् मडगार्डले खांदा लावला. पार झालो. मी वाचलो नसतो त्या दिवशी, मंडळीहो. माही पोरगी तवा दोन महिन्याची होती. ते आज अंगणात खेळते, ते त्या खांद्याच्या जोरावर.

पार झाल्यावर मी थांबलो. म्हटलं, "डोमाजी, चाल ना आता, काऊन उभा?"

म्हणे, "मागं चार आहेत ना अजून."

"अबे, शर्यत आहे!"

तं तो कसा म्हणे? हासत म्हणे, "शर्यत असन बावा. पण नाला तं तोच आहे ना?"

मी काय केलं? गेअर टाकला अन् निंगालो. मागं वळून बी नाई पाह्यलं.

चांद्याले मी पहिला आलो. माह्या गळ्यात हार, हातात चांदीचा कप. साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला." आज बोलता येत नाई, त्या दिवशी मस्त बोललो! म्हटलं, "मनगटात जोर असन तं नाल्याचं काय भेव?" टाळ्या पडल्या. नागपूरवाले चारही पोहचले होते. त्यांच्यातला एक साहेब दुसऱ्याले म्हणे, "नाल्यावर बांधकाम खात्यानं माणूस ठेवला होता, सोय चांगली आहे हो इकडे." त्याइले वाटलं सरकारी मजूर असन! डोमाजीभाऊ दिवस बुडता-बुडता आला. गाडी गारठून गेली होती, सुरूच होत नोहती म्हणे. मालकानं सगळ्यांसमोर विचारलं, "कुठी मेला होता?" तो एवढंच बोलला, "उशीर झाला, मालक." अन् मंग मागं जाऊन उभा राह्यला, अंगातून पाणी निथळत, अन् माह्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मले दिसल्या. मी नजर फिरवली.

डोमाजी नाल्याले भ्याला म्हणून उशीर झाला, असं गावभर झालं. मालकानं त्याले गाडीवरून काढलं. चार महिने पुन्हा बंडी हाकली त्यानं, मंग सवाऱ्या नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर लागला. अन् वहिनी, डोमाजीभाऊची बायको म्हणून तुमी पाणवठ्यावर काय काय ऐकलं असन, ते तुमचं तुमाले ठाऊक.

त्याच्या पुढच्या वर्सी मी एटापल्लीकडे शेठजीसंग गेलो होतो. एका ओढ्यावर बांबू भरलेल्या बंड्या पार होऊन राह्यल्या होत्या. एक जण पाण्यात उभा, बाकीच्या त्याच्या अंगाजवळून चालल्या. मी एका म्हाताऱ्या बंडीवाल्याले विचारलं, "तो काऊन उभा आहे?" म्हातारा माह्याकडे असा पाहे, का हा कोण येडा! म्हणे, "जो पहिला उतरते, त्याले तळ मालूम होते. ज्याले तळ मालूम, त्यानं शेवटची बंडी निंगेपर्यंत उभं राहाचं. मंग त्यानं जाचं. रीतच आहे ते."

रीत! मले वाटलं होतं डोमाजीनं माह्यावर मेहेरबानी केली. मेहेरबानी नोहती. तो बंडीवाल्याच्या रीतीनं मोटारीची शर्यत खेळला. साहेबाचा कायदा त्याले समजला नोहता असं नाई. त्याले आपली रीत मोठी वाटली.

तसाच त्याच्या घरी गेलो. रडलो, खरंच रडलो. म्हटलं, "उद्या चौकात सांगतो." त्यानं मले बसवलं, वहिनीले चहा ठेवाले लावला. वहिनी, तुमी आत होत्या, तुमाले ऐकू आलं नसन. म्हणे, "काहाले सांगतं? शेठ चिडन, तुही नोकरी जाईन. पोरगी लहान आहे तुही. मले सर्व्हिस मोटार भेटली, झालं ना." मी म्हटलं, "पण लोक तुले भित्रा म्हणते." तं म्हणे, "म्हणू दे. नाल्याले माहीत आहे."

अन् मी ऐकलं त्याचं. काऊन ऐकलं? मले तेच ऐकाचं होतं म्हणून! त्यानं मोठ्या मनानं म्हटलं, अन् मी लहान मनानं धरून ठेवलं. त्याच्यानंतर तीन वर्स आमी रोज या स्टँडवर भेटलो. बिडी त्याची, माचिस माही. एका शब्दानं त्यानं कधी काढलं नाई. मलेच म्हणे, "पाण्यात आधी पाय, मंग चाक, नथ्थ्या. तू भल्ला घाई करतं." तवापासून मी पाय टाकल्याबिगर चाक टाकलं नाई. म्हणून आज जिवंत आहो.

तं मालक, ऐका. तुमचा डायव्हर भ्याला नाई. सहाच्या सहा गाड्या त्यानं पार केल्या, तुमची सगळ्यात आधी. शेठजी, तुमी बी बसले आहा. तुमचा कप माह्या मनगटाचा नाई. मले काढाचं असन तं काढा, उद्या सकाळी चाव्या आणून देतो. वहिनी, तुमच्या पायावर डोकं ठेवाले मले तोंड नाई. पण तुमचा नवरा या जिल्ह्यातला सगळ्यात छातीचा डायव्हर होता. हे आता साऱ्या गावासमोर झालं. आता कोणी पाणवठ्यावर बोललं, तं त्याले माह्याकडे धाडा.

डोमाजीभाऊ, गंज मोठे उपकार झाले बावा तुहे. मले जीव देल्ला, पोरीले बाप देल्ला, अन् वरून दोस्ती देल्ली. फेडता येत नाई. फेडाची बात बी करत नाई.

मंडळीहो, आता सारे उठा. दोन मिनिटं चूप उभे राहू त्याच्यासाठी. मंग तुमी बसा, चहा घ्या, आपापल्या गाड्यानं, बंड्यानं सावकाश घरी जा. मले कोणी बस म्हणू नका. तुमच्यातला शेवटचा माणूस इथून निंगेपर्यंत मी उभाच राहीन.