खालच्या फळीवरचा डबा

मधुमेहाच्या दवाखान्यात खिडकीआड गोळ्या मोजणाऱ्या नर्सबाईंचे कान बाकावरच्या दोन बहिणींकडे होते.

"ताई, भाऊजींची साखर उतरली, मग तुझं तोंड का उतरलंय?"

"डॉक्टर म्हणाले, घरी जो बदल केलात तो चालू ठेवा. मी कुठे काय केलंय?"

"मग?"

"हे गेले दोन महिने दुपारी माझ्या धाकट्या जावेकडे जेवतायत. काल कळलं. मी तडक गेले तिच्याकडे."

"भांडलीस?"

"छे! स्वयंपाकघरच बघत राहिले. मेली तेलसुद्धा चमच्यानं मोजून घालते. भाज्या धुऊन, चिरून ठेवलेल्या. डब्याडब्यावर चिठ्ठी. खालच्या फळीवर फुटाण्यांचा डबा, त्यावर 'दादांसाठी'. अंगाचा नुसता तिळपापड झाला!"

"डॉक्टरांना खरं सांगितलंस ना?"

"सांगणारच होते गं..."

आतून निरोप आला, तशी नर्सबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"ताई, तुमच्या स्वयंपाकघराची पद्धत नव्या पेशंटना जरा सांगाल का? डॉक्टर विचारतायत."

थोरली उठली, केस सारखे केले.

"सांगते की! आधी डब्याडब्यावर चिठ्ठी लावायची. मी तर ह्यांच्यासाठी खालच्या फळीवर वेगळा डबाच ठेवलाय."