मोटरवाल्यांची कंबर

धंतोलीतल्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको नंबराची वाट पाहत बसले होते. नवऱ्यानं दोन्ही हातांनी कंबर धरली होती.

"विकून टाका जी आता ते गाडी. मिस्त्री म्हणते, इंजिन जाम झालं. नवं टाका, नाहीतर भंगारात द्या."

"इचार करून राहिलो ना."

"मागच्या दसऱ्यापासून इचारच करून राहिले तुम्ही."

"विकली तर लोक का म्हणतीन वं? सारी नंदनवन कॉलनी आपल्याले मोटरवाले म्हणते. पोस्टमन घराचा नंबर नाही पाहत, मोटर पाहते."

"मंग दुरुस्त करा."

"मिस्त्री ओढून नेईन तिले. मंग साऱ्याईले समजन, गाडी बंद होती म्हणून."

"म्हणून रोज पहाटे ढकलता काय? कधी निंबाखाली, कधी नळापाशी."

"एकाच जागी उभी दिसली तर शंका येते लोकाईले. कालच शेजारच्या गणपतरावानं पुसलं, कुठं जाऊन आले म्हणून."

"तुम्ही का सांगतलं?"

"कोराडीच्या देवीले गेलो होतो म्हटलं."

"अन् आता डॉक्टरले का सांगसान, कंबर कायनं धरली?"

"लंबी ड्रायव्हिंग झाली म्हणन."

"निंबापासून नळापर्यंत?"

"हळू बोल वं."

तेवढ्यात कंपाउंडरनं दारातून हाक मारली, "रुपराव मोटरवाले कोण आहे?"

"पाहाय, इथंबी माहीत आहे."

"नाव तुम्हीच सांगतलं त्याले. उठा."

"हात दे जरा. मले उठता येऊन नाही राहिलं."

"थांबा, मांगून धक्का मारते."