वडिलांच्या गिटारला बटण

आजच्या सभेच्या अध्यक्षा आदरणीय मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या संगीत विद्यालयाचे आजी-माजी शिक्षक, विद्यार्थी, पालक, आणि जिन्याखालच्या वाद्यदुरुस्तीच्या खोलीतून ज्यांना आज आग्रहाने वर आणून बसवलंय त्या, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ताई, सर्वांना नमस्कार.

खरं तर इथे गिटारच्या सरांनी बोलायचं. पण आजारपणानंतर त्यांचं बोलणं जरा संथ झालंय, म्हणून बायकोला पुढे केलंय. घरी माझं कोणी इतकं निमूट ऐकत नाही, तेव्हा थोडं लांबलं तर चालवून घ्या.

सरांची डावी बाजू अर्धांगाने गेली होती, हे आपण जाणताच. हळूहळू बोटं हलू लागली, पण हातात जोर येईना. त्यांची गिटार वडिलांची. तिला पट्टा कधीच नव्हता. बसायचं, मांडीवर घ्यायची, डाव्या हाताने मान सावरायची. आता तो हात सूर धरणार की गिटार? दोन ओळी वाजल्या की ती मांडीवरून घसरायची. एकदा मी धावत जाऊन धरली. त्या दिवशी त्यांनी ती कपाटात ठेवली आणि विद्यालयाचा राजीनामा द्यायचा म्हणाले.

मी ताईंकडे गेले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दोन बटणं लावू, पट्टा अडकवू, वजन खांद्यावर जाईल. बटण म्हणजे काय, तर गिटारच्या बुडाला आणि मानेच्या मुळाशी स्क्रूने बसवलेली छोटी खुंटी. मी हरखून घरी आले. पण हे ऐकतील तर शपथ!

"माझ्या वडिलांच्या वस्तूला भोक पाडायचं नाही," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आपण काय केलं असतं? मी तर भांडले. ताई भांडल्या नाहीत. त्यांनी विद्यालयाची एक जुनी गिटार घेतली, तिला बटणं बसवली आणि पट्टा लावून आमच्या घरी आणली. म्हणाल्या, "सर, तुमची राहू दे. ही मुलांना द्यायचीय, तेवढी तपासून द्या."

सरांनी ती उभ्यानेच गळ्यात घेतली. डावा हात मानेवर नुसता टेकला होता, वजन काहीच नाही. एक साधी सुरावट अडखळत का होईना, शेवटपर्यंत गेली. मग बराच वेळ ते गिटार उतरवायला तयार नव्हते. ताई चहा पिऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात सर स्वतःच कपाट उघडून म्हणाले, "चल."

जिन्याखालच्या खोलीत ताईंनी गिटार मऊ फडक्यावर आडवी ठेवली. आधी बारीक भोक, मग स्क्रूला मेण, लाकूड आणि बटण यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, असं सगळं त्यांनी आधी समजावलं. "मानेच्या मुळाशी लाकूड भरीव असतं, काळजी नको," त्या म्हणाल्या. सरांनी पाठ फिरवली होती. हातातलं भोक पाडायचं यंत्र चालू करण्याआधी ताईंनी विचारलं, "पाडू?"

"पाडा. बाबांनाही वाजवलेलीच आवडेल."

मला नवऱ्याला रडताना पाहायची सवय नाही, म्हणून मी जिन्यावर जाऊन बसले.

सर पुन्हा वर्गावर आले. मध्यंतरी एक बटण सैल झालं, तर ताईंनी मोठा स्क्रू न पिळता भोकात सरस लावलेल्या काड्या घातल्या, नीट वाळू दिल्या आणि मग पुन्हा बसवलं. सरांनाही शिकवलं ते. आता मुलांच्या गिटारांची बटणं, पट्ट्यांची फाटकी भोकं सरच पाहतात, पेचकस हातात घेऊन. त्यामुळे ताई, तुम्ही निर्धास्त निवृत्त व्हा. फक्त घरी येत राहा, चहा प्यायला.

विद्यालयाने मला चार शब्द बोलू दिले, याबद्दल आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आता मी खाली बसते. हे उभे राहून वाजवणार आहेत.