तीन हात टेप

यमुनाक्का : ...सगळी डोळं मिटून, हात जोडून उभी. पुजाऱ्यानं फोन जोडला त्या नव्या डब्याला, आणि आतनं एक बाई वराडली, कंबर धरली काय, आमचं मलम लावा!

अश्विनी : देवळात?

यमुनाक्का : सातेरीच्या पुढ्यात गे. आमच्या लखू नातवानं तर तिलाबी नमस्कार घातला.

अश्विनी : जाहिरात असते ती, आज्जी. पाच सेकंद थांबायचं आणि पुढे ढकलायची.

यमुनाक्का : देवीला थांबवायचं पाच सेकंद? आणि मलम संपल्यावर लागली ती आरती आपली न्हवंच. कुठल्या लांबच्या देवीची. बायका नुस्ती एकमेकीची तोंडं बघाय लागल्या.

परशू : म्हणून सांगत हुतो कमिटीला, टेप मोडीत घालू नका. अठ्ठावीस वर्सं वाजली गावची आरती त्या टेपवर. तिला ना रेंज लागली ना चार्जिंग.

अश्विनी : पेन्सिल लागायची पण. पप्पा, कॅसेटचं कौतुक पुरे. उन्हात ठेवली की वाकडी, पावसाळ्यात ठेवली की बुरशी.

परशू : बुरशी पुसता येती. तुमचं फोनमधलं गाणं आज हाय, उद्या म्हणतंय उपलब्ध न्हाई. गेलं कुठं, कुणाला इचारायचं? कॅसेट हातात धरता येत हुती. ह्या दुकानात एका काळी दोन हजार हुत्या, अक्का. गोव्याकडं जाणारा ट्रकवाला जाताना कागदावर गाणी लिहून द्यायचा, आणि येताना भरलेली कॅसेट घेऊन जायचा. रामनगरात उतरला की आधी माझं दुकान, मग चा.

यमुनाक्का : ठावं हाय. आता हायत ती फोनची कव्हरं.

परशू : आता पोट त्यावरच हाय. काय करता.

अश्विनी : द्या आज्जी तुमची कॅसेट. पेनड्राईव्हवर घालून देते. मग मलम नको आणि रेंज पण नको.

यमुनाक्का : ही घे, देवळातली. आणि ही दुसरी.

परशू : दुसरी कुठली?

यमुनाक्का : आमच्या सुंदरीची. नंदिगड्ड्याला दिलेली न्हवं का माझी धाकटी भन, तिच्या घराची कौलं उतरली परवा. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात घावली. ह्यातबी आमच्या महाबळेश्वर भावजींनी म्हटलेली आरतीच हाय. सुंदरीकडचाच टू-इन-वन आणला हुता आमच्यात, रेकॉर्ड कराय. आधी एकदा म्हणून बघितली, ती ही. मग दुसऱ्या कॅसेटवर पक्की केली, ती देवळात गेली.

परशू : ती नको लावू, अश्विनी. जुनी हाय. टेपचं हेड खराब हुतंय.

अश्विनी : दोन्ही एकाच दिवशीच्या आहेत, पप्पा. एक जुनी आणि एक नवी कशी असेल?

परशू : देवळातलीच घाल म्हणतो न्हवं. लोकांच्या कानाला ती बसलीय.

अश्विनी : उचकीसकट?

यमुनाक्का : कसली उचकी?

अश्विनी : शेवटाकडे येते बघा ती. तबल्याला एकदम उचकी लागते आणि आरती उडी मारते. आपल्या गावात तिथे सगळे एक टाळी गाळतात. लहानपणी मला वाटायचं चालच तशी आहे. बेळगावला हॉस्टेलवर म्हटली, तर मैत्रिणी विचारायला लागल्या, मध्येच का थांबलीस म्हणून.

यमुनाक्का : खानापुराकडं दिलेल्या पोरीबी तशाच म्हणतात. सासरी आरतीबरोबर उचकीबी घेऊन गेल्या.

अश्विनी : पण का येते ती?

परशू : टेप हाय ती, ताणती कुठं तरी. तू काम कर.

यमुनाक्का : तिथं एक कडवं हुतं. तू सुंदरीची कॅसेट लाव, पोरी.

परशू : अक्का, उगीच वेळ कशाला...

यमुनाक्का : मला कुठं गाडी धरायची हाय? लाव गे.

(कॅसेट सुरू होते. खरखर, एक कोंबडा, मग पेटी-तबला आणि पुरुषाचा आवाज.)

अश्विनी : कोंबडा पण आहे की!

यमुनाक्का : आमचाच. जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी तोबी गेला.

अश्विनी : आवाज किती स्वच्छ आहे महाबळेश्वर आजोबांचा. देवळातल्या कॅसेटमध्ये नाकात बोलल्यासारखे वाटतात. हं, आता उचकी येणार.

कॅसेटमधला आवाज : ...यमुना म्हणे, सातेरी आई, अक्षर मला येत नाही, तूच बोललीस माझ्या तोंडी, गोड करून घे...

अश्विनी : थांबा थांबा. यमुना म्हणे? आज्जी, आरती तुम्ही लिहिली?

यमुनाक्का : लिहिती कशानं? भात लावताना जुळली. माझे थोरले दीर बांधावर उभे हुते, त्यांनी ऐकली. म्हणाले, ही जत्रेला लावायची. चाल त्यांची, गळा त्यांचा. शब्द तेवढे माझे.

अश्विनी : सगळा गाव तर महाबळेश्वरची आरती म्हणतो!

यमुनाक्का : आवाज त्यांचा हाय. लोक दुसरं काय म्हणणार?

अश्विनी : आणि तुम्ही गप्प बसलात?

यमुनाक्का : मग काय, घरची सून दारोदार सांगत फिरती, माझं नाव कापलं म्हणून? नावाला हपापलीय म्हणाले असते.

परशू : कापलं कशावरनं म्हणतीस, अक्का? खराब झाली असंल.

यमुनाक्का : बरोब्बर माझं नाव तेवढंच खराब झालं? जत्रेदिवशी मी ओटीचं ताट घेऊन पायरीवर उभी हुते. नवी साडी. अंगावर काटा आला हुता, आता माझं कडवं येणार, आता येणार. आणि आरती उडी मारून पुढं. ताटातलं कुंकू सांडलं बघ. तवाच समजले. घरात माझ्या तोंडावर गोड गायले, आणि गावासमोर सुनेचं नाव नको म्हणून मागनं कापून घेतलं. लई लागलं ते. त्या दिसापासनं मी भावजींशी बोलले न्हाई.

परशू : किती... म्हंजे, किती दिस?

यमुनाक्का : दिस? सव्वीस वर्सं. ते असूस्तवर. एका चुलीवरचं खाल्लं. पोरांकरवी इचारायचं, भात वाढू काय म्हणून. पडून हुते तवा पाणी पाजलं, अंग पुसलं, सगळं केलं. ते माझ्याकडं बघत पडायचे. मी तोंडातनं शब्द काढला न्हाई.

परशू : आम्हाला वाटलं, शेताच्या वाटणीवरनं हाय काय तरी.

यमुनाक्का : सगळ्यांना तेच वाटलं. मीबी वाटू दिलं.

परशू : बंद कर ते, अश्विनी.

अश्विनी : अजून आरती संपली नाही, पप्पा.

परशू : बंद कर म्हणतो! ...अक्का, त्यांनी न्हाई कापलं. मी कापलं.

यमुनाक्का : काय बोलतोस?

परशू : जत्रेच्या आदल्या दिवशी महाबळेश्वरदादा कॅसेट दिऊन गेले. म्हणाले, कर्ण्यावर बरोबर वाजती काय बघ. मी हितं लावली. मंगल समोरच्या बांगड्यांच्या दुकानात बसायची...

अश्विनी : आई?

परशू : व्हय, तुझी आई. तिला दाखवायला फुल्ल आवाज केला. वर पुन्हा मागं घे, पुढं घे, माझा नवा डेक हाय बघ म्हणून. आणि डेकनं टेप खाल्ली. वढून काढली तर सगळी चुरगाळलेली. तीन हात टेप कात्रीनं कापून टाकली आणि मंगलकडनंच नेलपॉलिश आणून जोड मारला. कुठलं कडवं गेलं तेबी बघितलं न्हाई. देवीची शपथ.

यमुनाक्का : मग सांगायचं हुतंस. टेप खाल्ली तर खाल्ली. भावजींनी काय तुला खाल्लं असतं?

परशू : त्यांचा राग तुला ठावं हाय. सकाळी आले, ऐकली, आणि माझी गचांडीच धरली. यमुनाचं कडवं कुठं हाय म्हणून. तवा... तवा माझ्या तोंडातनं गेलं.

यमुनाक्का : काय गेलं?

परशू : यमुनाक्काच म्हणाली, मला लाज वाटती, माझं नाव काढ. असं म्हणालो.

अश्विनी : पप्पा!

परशू : लगेच गचांडी सोडली. तिची इच्छा असंल तर ऱ्हाऊ दे, म्हणाले. तिला पुन्हा त्यावरनं कुणी छेडायचं न्हाई. आणि गेले. मला वाटलं, सुटलो. तुम्ही घरात बोलाल, हसाल, मला दोन शिव्या द्याल. तू बोलणंच टाकशील हे कुणाला ठावं?

यमुनाक्का : म्हंजे त्यांना वाटत हुतं, मीच...

परशू : व्हय.

यमुनाक्का : आणि वर मीच अबोला धरला. त्यांना काय वाटलं असंल, परशू? सव्वीस वर्सं माणूस इचार करत बसला असंल, माझं काय चुकलं म्हणून.

परशू : एकदा आले हुते हितं. रेडिओचे सेल घेतले आणि उभेच ऱ्हायले. म्हणाले, परश्या, यमुना त्या दिवशी अजून काय म्हणाली हुती काय? मी न्हाई म्हटलं.

यमुनाक्का : आणि मी बाजाराला आले की तू मला हाक मारून चा पाजायचास.

परशू : पाजायचो. तेवढंच जमत हुतं. शिव्या घाल, अक्का. चप्पल काढ. अश्विनीसमोर काढ.

यमुनाक्का : काढली तर तुझं हलकं व्हईल. न्हाई काढायची मी.

परशू : मंगळवारच्या आरतीला देवळात उभा ऱ्हाऊन सांगतो मी सगळ्यांना. कडवं कुणाचं, कापलं कुणी, सगळं.

यमुनाक्का : गावाला सांगशील रे. मला सांगितलंस. भावजींना कोण सांगणार?

अश्विनी : आज्जी, पाणी घ्या. बसा जरा. ...पप्पा, तुम्ही आत जा.

यमुनाक्का : बसू दे त्याला हितंच. बघू दे माझ्याकडं. पोरी, तू लाव ते पुढचं. माझं कडवं अर्ध्यात ऱ्हायलंय.

अश्विनी : लावते.

यमुनाक्का : ...बघ. कसं सोडलंय शेवटचं अक्षर. दुसऱ्याच्या नावाला एवढा सूर कोण लावतंय? मला कान हुते, परशू, आणि मला कळलं न्हाई.

अश्विनी : आरती संपली. पण टेप चालूच आहे, आज्जी. पुढे बोलणं आहे काही तरी.

कॅसेटमधला आवाज : यमुना, बरोबर झालं न्हवं? का परत म्हणू?

अश्विनी : आणि इथे बटण दाबलंय. तुम्ही काय म्हणालात तेव्हा?

यमुनाक्का : काय न्हाई गे. लाज वाटली. पदर तोंडात धरून आत पळाले.

अश्विनी : मग मी हीच घालते पेनड्राईव्हवर, अख्खी. पहिले दोन मंगळवार लोक अडखळतील, मग बसेल तोंडात. ते शेवटचं बोलणं तेवढं कापते. एका क्लिकचं काम आहे.

यमुनाक्का : कापू नको.

अश्विनी : पण आज्जी, कर्ण्यावरून जाणार ते. दर मंगळवारी अख्खा गाव ऐकणार, यमुना, बरोबर झालं न्हवं, म्हणून.

यमुनाक्का : ऐकू दे. त्यांना इचारू दे दर मंगळवारी. मी हाय न्हवं तिथं, व्हय म्हणायला.