शेवळांचा लेख

आईचं दहावं उरकून रूपा मुरबाडच्या एसटी स्टँडवर बसली होती. आईचा आवाज आता कुठेच उरला नाही, एवढंच डोक्यात होतं. मागच्या बाकावर दोघं ब्लॉगच्या कमाईवरून वाद घालत होती.

"मी मोबाइलवर रोज पाच लेख टाकतो, चंदा. जाहिरातींचे पैसे येतात. तू महिन्याला एक रानभाजी लिहितेस!"

"माझे वाचक परत येतात, साईनाथ. वाळवलेली भाजी मागवतात. शेवळांच्या भाजीचा लेख तर दुबईत वाचतात."

"मग त्यातलं गावठी बोलणं काढ ना."

"नाय रे. धसईच्या बाजारातल्या लहानीमावशीचे शब्द हायेत ते. 'शेवळात आंबट काकडं टाकाया इसरलीस, तं घसा खाजंल, तुझ्याशी भांडंल गो.'"

रूपा वळली.

"हे शब्द दुबईत वाचतात?"

"हो. का, ताई?"

"लहानी माझी आई. पुढे काय म्हणते ती?"