कोचच्या ओटीत

चारुदत्त : हळू टाक रे. बोटं माझी आहेत, तुझ्या संघातल्या पोरांची नाहीत.

ऋतुराज : तूच म्हणालास ना बाबा, कोचचा फोन येईपर्यंत पार्कात जाऊन बॉल टाकू या.

चारुदत्त : टाकू या म्हणालो. डागू या नाही म्हणालो.

नीलांबरी : अख्खी रात्रपाळी वॉर्डात काढून आलेय मी. आता तुझ्या बोटांना पट्ट्या बांधायला लावू नकोस, चारू. ये, बाकावर बस.

चारुदत्त : बसतो. पण इथल्या मराठी मंडळात काय सांगतो मी माहितीये? माझा मुलगा अमेरिकेतल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक आहे. म्हणजे काय विचारलं तर सांगतो, चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे कुणाला द्यायचा ते तो ठरवतो.

ऋतुराज : माझ्या हातात नाही आला. या अख्ख्या सीझनला एकदाही नाही. हे सांगतोस मंडळात?

चारुदत्त : दिसतोस की पण. आम्ही दर रविवारी सकाळी मॅच लावून बघतो. रेषेबाहेर उभा राहून खुणा करतोस, सगळा संघ तुझ्याकडे बघत असतो.

ऋतुराज : कोच बोलतो ते मी खुणांनी आत सांगतो. कान पकडायचा, नाक पकडायचं, डोक्यावर थाप मारायची. जो खेळत नाही त्याला देतात ते काम.

नीलांबरी : म्हणजे ट्रॅफिक पोलीस. आणि तू त्याचे फोटो आपल्या इथल्या पापाटोएटोच्या वाण्याला दाखवलेस.

चारुदत्त : वाण्यालाही आवडले.

ऋतुराज : बाबा, गेल्या वर्षी पहिल्या क्वार्टरबॅकचा खांदा गेला, तेव्हा शेवटच्या मॅचेस मी खेळलो. जिंकलो आम्ही. तो पास होऊन गेला, म्हणजे जागा माझी होती. मग कोचने टेक्ससहून एक नवीन मुलगा आणला. मला वाटलं, ओके, दोघांना खेळवून बघेल. मी ढीगभर मेहनत केली. ऑगस्टमध्ये एकदम म्हणाला, तू या वर्षी थांब. मी गेलो त्याच्या ऑफिसात, का म्हणून विचारायला. काय म्हणाला असेल?

चारुदत्त : काय?

ऋतुराज : म्हणाला, तुझ्या वडिलांशी बोललोय. त्यांना चालतंय.

नीलांबरी : चारू?

चारुदत्त : अगं, सरांचा फोन आला होता. ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो मी. म्हणाले, ऋतुराजने एक वर्ष थांबावं असं मनात आहे, घरच्यांना काय वाटतं? आता सरांना मी काय सांगणार? म्हटलं, सर, पोरगा तुमच्या ओटीत घातलाय. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

ऋतुराज : असं म्हणालास?

चारुदत्त : इंग्रजीत म्हणालो. शिक्षकाला असंच म्हणतात रे. असं म्हटलं की त्याच्यावर जबाबदारी येते, मग तो आपल्या पोराकडे जास्त लक्ष देतो. माझ्या वडिलांनीही हेडमास्तरांना हेच सांगितलं होतं.

ऋतुराज : तिथे असं होत नाही. तिथे बाप फोनवर भांडतो. त्या टेक्ससवाल्याचा बाप दर आठवड्याला भांडायचा.

नीलांबरी : आणि हा कसला भांडतोय? शेजाऱ्याचं कुंपण आपल्या हद्दीत आलं तरी हा म्हणाला, नो वरीज.

चारुदत्त : वीतभर जागा होती गं ती. बरं, तू मला तेव्हाच का नाही विचारलंस, ऋतू? इतके महिने मनात ठेवलंस.

ऋतुराज : काय विचारणार? मला वाटलं, तुलाच वाटतं मी तेवढा चांगला नाही.

चारुदत्त : असं कसं वाटलं तुला?

ऋतुराज : मग दुसरं काय वाटणार?

नीलांबरी : आता हे राहू दे. फोन कशासाठी येतोय ते सांग याला नीट.

ऋतुराज : कॉलेज बदलायचं असेल तर बदलीच्या यादीत नाव द्यायची मुदत आज संपते. कोचला मी पुढच्या वर्षीही तिथेच हवाय. खुणा करायला. आणि फोन तो तुला करतोय, बाबा. मला नाही. कारण त्याला वाटतं, आमच्या घरी तूच ठरवतोस.

चारुदत्त : मग तू बोल ना. तू नीट सांगशील.

ऋतुराज : शब्द तू दिलास. परत तू घे.

चारुदत्त : काय सांगू पण? सर, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून, जमल्यास...

नीलांबरी : जमल्यास काय? पुरणपोळी पाठवू?

चारुदत्त : बरं. सर, माझी नम्र विनंती...

नीलांबरी : विनंती नको. तुला काय हवंय ते सांग.

चारुदत्त : मला काय हवंय याचा प्रश्नच नाहीये ना. त्याला काय हवंय? ऋतू, तुला काय हवंय?

ऋतुराज : खेळायचंय. तिथे, नाहीतर दुसरीकडे. पण क्वार्टरबॅक म्हणूनच.

(बाकावरचा फोन वाजतो. चारुदत्त उठून उभा राहतो आणि फोन कानाला लावतो.)

चारुदत्त : हॅलो, सर. हो, मजेत सगळे... इथे उन्हाळा आहे, सर... हो, ऐकतोय... पुढच्या वर्षीही तसंच म्हणताय... नाही. सर, एक मिनिट, मला बोलू द्या. ऑगस्टमध्ये मी जे म्हणालो ते मुलाला न विचारता म्हणालो... नाही, तुमची चूक नाही. म्हणजे, थोडी आहे. तुम्ही त्याला विचारायला हवं होतं. मीही... हो... असं का?... बरं. बरं, सर. सांगतो त्याला.

नीलांबरी : काय म्हणाले?

चारुदत्त : म्हणाले, तेव्हा तुम्ही नाही म्हणाला असतात तर दोघांना समोरासमोर खेळवून बघणार होतो. आता जागा त्या पोराची झाली.

ऋतुराज : म्हणजे संपलं.

चारुदत्त : तिथलं संपलं. म्हणाले, जायचं असेल तर अडवणार नाही. मला वाटलं होतं निदान ओरडतील तरी. ओरडलेही नाहीत.

नीलांबरी : ऋतू, बाबाकडे बघ जरा.

ऋतुराज : बघतोय. वर्ष गेलं माझं, आई. मी नाव देतोय आज. कुणी घेतलं तर घेतलं.

चारुदत्त : दे. आणि नवीन कोच भेटले की मी त्यांच्याशी एक शब्द बोलणार नाही. अगदी हॅलोसुद्धा नाही.

ऋतुराज : बोल ना. फक्त मी शेजारी असताना बोल.