पोटात घेण्यासाठी नाही

नाही, पण मी म्हणतो, बाटलीवर लेबल आहे म्हटल्यावर ते वाचायला काय होतं हो माणसाला? दोनच ओळी होत्या! सत्तावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय, सत्तावीस वर्षं लेबलं चिकटवतोय, 'जेवणानंतर', 'हलवून घ्या', 'डोळ्यात घालू नये', आणि सत्तावीस वर्षं लोक परत येऊन विचारतायत, "हे जेवणाआधी ना?" तुमच्यातलं कुणी वाचतं का लेबल? हात वर करा... बघा! एक हात नाही. माझ्या माहितीत लेबल वाचणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे माझी आई. ती तर साबणाच्या कागदावरचा कारखान्याचा पत्तासुद्धा वाचते. आणि लोक वर मलाच विचारतात, "तुम्ही त्या दारूच्या भानगडीत पडलातच कसे?" अहो, मी घेत नाही! सरबतात बर्फसुद्धा घालत नाही मी, उगाच थाटमाट वाटतो म्हणून.

सगळं झालं ते आईमुळे. म्हणजे आईच्या खुब्यामुळे. थांबा, नीट सांगतो. आमची इमारत चार मजल्यांची, खाली माझं दुकान, तिसऱ्यावर घर, लिफ्टचं नाव नाही, आणि जिना इतका अरुंद की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला उलट्या पावली परत जावं लागतं. गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चौघांनी उचलून वर नेली, ती अकरा महिने खाली उतरली नाही. अकरा महिने! त्याआधी रोज संध्याकाळी दुकानात स्टुलावर बसायची, गिऱ्हाइकाला माझ्याआधी औषध सांगायची, त्याच्या सासूची चौकशी करायची, सासू बरी आहे म्हटलं की जरा खट्टू व्हायची... आणि आता तिसऱ्या मजल्याची खिडकी. एकदा मी आणि धाकट्या भावानं तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायला घेतलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय कडकन मोडला, आई थोडक्यात वाचली, आणि म्हणाली, "पुरे. मी काय कपाट आहे?" त्यानंतर तिनं खाली जायचा विषयच काढला नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं हो. काही न मागता खिडकीत बसलेली आई बघवत नाही.

आणि अशी खिडकीतली माणसं आमच्या गल्लीत अकरा! मी मोजली, कारण सगळ्यांची औषधं माझ्याकडूनच वर जातात. आता एक खुर्ची मिळते, बॅटरीवर चालणारी, खाली पट्टे असतात, माणसाला बसवायचं, बटण दाबायचं, की पायरी-पायरीनं ती जिना उतरते. एक खुर्ची घेतली तर गल्लीत आळीपाळीनं सगळ्यांना वापरता येईल. पण किंमत ऐकली आणि मी तिथंच, उभ्या उभ्या, स्वतःला रक्तदाबाची गोळी दिली.

तर आमच्या गल्लीचे सेक्रेटरी. उत्साह म्हणजे काय विचारू नका. गल्लीच्या सभागृहात बैठक बोलावली. म्हणाले, "निधी उभारू! व्हिस्की महोत्सव करू!" मी म्हटलं, अहो, गाण्याचा कार्यक्रम करा. तर म्हणाले, "मागच्या वेळी केला होता. सतरा माणसं आली, त्यातली नऊ गाणारी." ते खरंच होतं. "तिकीट लावू, दहा प्रकारची व्हिस्की, चाखायला थोडी थोडी, शेवटी बाटल्यांचा लिलाव, आणि एक जाणकार पाहुणे आणू. फक्त ओतायला माणूस असा पाहिजे जो स्वतः..." आणि तुम्हाला सांगतो, सभागृहातल्या चाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. आयुष्यभर घेतली नाही त्याचं हे फळ! मी घेत नाही, म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी एकटा दारूत उभा!

आता मी ओतणार म्हणजे कसं ओतणार? मापानं! पंधरा मिली म्हणजे पंधरा मिली. दुकानातला मापाचा ग्लास नेला होता, डोळ्यांसमोर धरायचा, वाकायचं, रेघ बघायची, मग ओतायचं. रांग गेली दारापर्यंत. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, जरा हात सैल सोडा की!" मी विचारलं, "ताप आहे?" "नाही." "खोकला?" "नाही हो!" "मग पंधरा मिली."

आणि ते जाणकार पाहुणे! मी त्यांचं नाव नाकवाले ठेवलं. कारण तो माणूस पीतच नाही, नुसता हुंगतो. ग्लासात नाक घालायचं, डोळे मिटायचे, आणि मग घशातून, "अंऽऽ... यात मला... जुन्या पुस्तकांचं कपाट दिसतंय... आणि मागून हळूच... नवीन चपला!" लोक माना डोलावतायत! मीही हुंगून बघितलं. इंजेक्शनच्या आधी कापसानं दंडाला लावतात ना, त्याचा वास. कपाट नाही, चपला नाही, काही नाही.

पण मुद्दा असा, की चाखणारी माणसं सगळं पीत नाहीत. थोडं ओठाला लावायचं, उरलेलं भांड्यात ओतायचं. मी दोन भांडी ठेवली, एक थुंकायचं आणि एक ओतायचं, दोन्हींवर मोठ्ठी लेबलं... वाचली असतील ना हो? मला रात्री अजून दचकून जाग येते. असो. तर संध्याकाळी ओतायचं भांडं भरलं. आता दुसरा कुणी असता तर मोरीत उलटं करून मोकळा झाला असता. पण आमच्या धंद्यात उरलेलं मोरीत ओतत नाहीत! बाटलीत भरायचं, बूच लावायचं, लेबल लावायचं, आणि विल्हेवाट लावणाऱ्या गाडीला द्यायचं. हाताला सवय! मी एक स्वच्छ बाटली घेतली, गाळणीतून गाळून भरली, बूच बसवलं, आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'उरलेल्यांचं मिश्रण. पोटात घेण्यासाठी नाही.' खाली तारीख, खाली सही. बाटली टेबलाखाली ठेवली.

तेवढ्यात वरून हाक. आई! "अरेऽऽ, किती जमले?" आमचं घर सभागृहाच्या बरोबर समोर, ती सकाळपासून खिडकीत. मी बाहेर गेलो, मान वर करून ओरडलो, "थोडे कमी आहेत! लिलाव बाकी आहे!" ती म्हणाली, "राहू दे रे. माझं काय, मला इथून दिसतं सगळं." अहो, असं बोललं की माणूस आत कसा जाणार? दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो.

त्या दोन मिनिटांत सेक्रेटरींनी आवराआवर केली. टेबलाखालची बाटली उचलली आणि लिलावाच्या रांगेत मांडली!

मी आत आलो तेव्हा बाकीच्या बाटल्या विकून झाल्या होत्या, खुर्चीला अजून बरीच रक्कम कमी होती, आणि सेक्रेटरींच्या हातात माझी बाटली! "आणि ही शेवटची! कुणी दिली माहीत नाही, पण बघा, हातानं लिहिलेलं लेबल!" नाकवाल्यांनी बूच काढलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. चमच्यानं एक थेंब जिभेवर ठेवला, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं! "तीस वर्षांत... असं काही... यात सगळंच आहे! धूर आहे, मध आहे, लाकूड आहे... हे एका माणसाचं काम नाही!" ते मात्र बरोबर होतं. दोनशे माणसांचं काम होतं.

मी धावलो. सेक्रेटरींच्या कानाला लागलो, "अहो, ती विकू नका, ते उरलेलं आहे!" त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझी बाही हुंगली. दिवसभर ओतून ओतून बाह्या भिजलेल्या! "घेतलीत ना शेवटी?" म्हणाले. "चालायचंच. बसा जरा." मी घेत नाही हो! मग नाकवाल्यांकडे गेलो, म्हटलं, लेबल वाचा, लेबल! तर म्हणाले, "चष्मा गाडीत राहिला. आणि खरी चीज वाचायची नसते." शेवटी मंचावर चढलो, माईक हातात घेतला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर उघडं दार, दारातून आमची खिडकी, खिडकीत आई. तिनं मला माईक घेऊन उभं राहिलेलं बघितलं आणि हात हलवला. खुशीत! आपला मुलगा भाषण करतोय!

आणि मी... सांगून टाकतो आज. मी म्हटलं, "लिलाव सुरू करा," आणि खाली उतरलो. सत्तावीस वर्षांत एक चुकीची गोळी दिली नाही मी. आणि त्या दिवशी तोंड मिटून घेतलं.

बोली लागली ती एका बांधकामवाल्यात आणि आमच्या दातवाल्या डॉक्टरांत. दातवाले म्हणजे समोरच्या, सभागृहाशेजारच्या इमारतीतले, माणूस इतका चिक्कट की दवाखान्यातला पंखा पेशंट बसला की लागतो आणि उठला की बंद. तो माणूस बोली वाढवतोय! बांधकामवाला हजारानं वाढवतोय, हा पाच हजारांनी! शेवटी खुर्चीला जेवढी रक्कम कमी होती, बरोब्बर तेवढी बोलला, आणि बांधकामवाला खाली बसला. टाळ्या! घरी गेलो तर दारातच ही म्हणते, "तोंड उघडा." मी म्हटलं, अगं, मी घेत नाही! म्हणाली, "सगळे असंच म्हणतात."

पुढचे तीन आठवडे कसे गेले माझं मला ठाऊक. रोज सकाळी आधी समोर बघायचं, दवाखान्याचं शटर उघडलं का? उघडलं! म्हणजे जिवंत आहेत! रोज वाटायचं, जाऊन पाय धरावेत, खरं सांगावं. आणि रोज वाटायचं, आधी खुर्ची येऊ दे.

आली खुर्ची. सगळी गल्ली जिन्याखाली गोळा, पहिला मान आईचा. वर मी बटण दाबलं आणि खर्र खर्र खर्र करत ती निघाली. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती, डोळे गच्च मिटलेले, तोंडानं, "हळू रे... हळू रे..." दुसऱ्या मजल्यावर तिनं एक डोळा उघडला. पहिल्या मजल्यावर दुसरा. खाली पोचली, दारातून बाहेर आली, ऊन तोंडावर पडलं, आणि अकरा महिन्यांनी खाली आलेली माझी आई पहिलं वाक्य काय बोलली असेल? "दुकानाची पाटी केवढी मळलीये!" मी रडत होतो हो. सरळ रडत होतो, लपवायचं काय त्यात.

आणि गर्दीतून दातवाले पुढे आले. हातात तीच बाटली! म्हणाले, "आजी, हिच्यामुळे खुर्ची आली, म्हणून दाखवायला आणली." आईनं गळ्यातला चष्मा चढवला. आणि तिनं वाचलं! मोठ्यानं! "उरलेल्यांचं... मिश्रण... पोटात... घेण्यासाठी नाही." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अक्षर तुझंच ना रे?"

सेक्रेटरी पांढरे पडले. मी हात जोडले, म्हटलं, "डॉक्टर, माझं चुकलं. तुमची एक एक पै परत..." तर म्हणाले, "ठाऊक होतं मला."

"काय?"

"लेबल. मी वाचलं होतं की लिलावाआधीच. रोज दाढा तपासतो, बारीक बघायची सवय आहे."

"मग... एवढी बोली?"

तेव्हा दातवाल्यांनी मान वर करून समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याकडे बघितलं. तिथल्या खिडकीत माझ्या त्या अकरांतलेच एक म्हातारे गृहस्थ, हात हलवत होते. "बाबा. दोन वर्षं झाली," म्हणाले. "आता आजींचं झालं असेल तर खुर्ची तिकडे न्यायची का?"

मी मान डोलावली. पण बाटलीकडे लक्ष गेलं, ती गळ्यापर्यंत तश्शी भरलेली! म्हटलं, "तुम्ही एक घोटसुद्धा घेतला नाहीत?"

दातवाले एकदम अंग चोरून म्हणाले, "छे छे! मी घेत नाही हो!"

तर बाटली आता माझ्या दुकानात, कपाटात. मोरीत ओतता येत नाही, गाडीला देववत नाही. नाकवाल्यांची दोन पत्रं आली, ज्यानं बनवली त्याला भेटायचंय म्हणे. सेक्रेटरींनी पुढच्या महोत्सवाच्या कागदावर मला 'निर्माते' म्हणून छापलंसुद्धा. आणि आई? आई रोज संध्याकाळी खर्र खर्र करत खाली येते, स्टुलावर बसते, आणि खोकल्याचं औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, अगदी प्रत्येकाला, कौतुकानं सांगते, "आमचा हा दारू फार छान करतो हो!"

आणि मी घेत नाही!... पण ऐकतंय कोण.